मंगळवारची बैठक आणि दळणाचा प्रश्न

नांदेडला आमच्या क्लासमध्ये दर शनिवारी दुपारी शिक्षकांची बैठक असते आणि ती मी चालवते. डॉक्टर-इंजिनियर व्हायला निघालेली मुलं, पाच-सहा शिक्षक, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटतं की वेळापत्रकात आपल्याच विषयावर अन्याय होतोय. भौतिकशास्त्राच्या सरांचा आवाज असा, की ते फळा पुसतात तेसुद्धा खालच्या रसवंतीपर्यंत ऐकू जातं. तरीही आमची बैठक तासाभरात उरकते आणि काय ठरलं ते सगळ्यांना सारखंच माहीत असतं. दुसऱ्या एका क्लासमधून नव्याने आलेले गणिताचे सर पहिल्या शनिवारनंतर माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं तीन-तीन तास बैठक चालायची आणि खरी बैठक नंतर जिन्यात सुरू व्हायची. तुम्ही हे कुठं शिकलात?"

"लातूरला," मी म्हटलं.

"लातूरला कोणत्या क्लासला?"

त्यांचं काही चुकलं नाही. लातूर म्हटलं की आता लोकांना क्लासच आठवतात. मी शिकले तेव्हा लातूर म्हटलं की भूकंप आठवायचा. शिकवणारे गृहस्थ जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले होते, आणि त्यांनी मला शिकवायचं म्हणून काहीच शिकवलं नाही. दर मंगळवारी ते बैठक घ्यायचे आणि मी बघायचे.

मी मुदखेडची. वडील रेल्वेत गँगमन. आमच्या घरात बैठक म्हणजे लग्नाची बैठक. दुसरी कुठली असते हे कुणाला ठाऊक नव्हतं. घरात पदवी घेतलेली मी पहिली. निकाल लागला तेव्हा वडिलांनी गुणपत्रिका हातात धरली आणि उलटी की सुलटी हे माझ्या चेहऱ्याकडे बघून ठरवलं. भूकंपानंतर लातूर जिल्ह्यात घरं बांधून देणाऱ्या एका संस्थेला गावागावांतून माहिती गोळा करायला पदवीधर मुली हव्या होत्या. पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये राहणाऱ्या बायांशी पुरुष कार्यकर्त्यांना धड बोलता येत नव्हतं. मी एक पिशवी घेऊन एसटीत बसले.

मोजणीवाले गृहस्थ तिथे समन्वयक होते. लातूरच्याच जुन्या मुसलमान घरातले; वडील शिवणकाम करायचे. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. तीस वर्षं त्यांनी भावाभावांच्या भांडणात उभं राहून बांध मोजलेले. ते सांगायचे, मोजणीला गेलं की आधी साखळी पिशवीतून काढायचीच नाही. दोन्ही शेजाऱ्यांना बरोबर घेऊन हद्दीवरून चालायचं. ज्यानं त्यानं आपापली खूण दाखवायची. दगड, बाभळ, जुनी चर, काय असेल ते. दुसऱ्यानं मधे बोलायचं नाही. दोघांचं दाखवून झालं की मग साखळी. "आधी साखळी काढली ना बेटा, तर लोक जमिनीकडं बघत न्हाईत, साखळीकडं बघतात. अन मग साखळीच खोटी म्हणून भांडतात."

मंगळवारची बैठक त्यांनी याच पद्धतीनं बसवली होती. सगळ्यात नवा माणूस आधी बोलणार, सगळ्यात मोठा शेवटी. का, असं मी विचारलं, तर म्हणाले, पाटील आधी बोलला की बाकीच्यांना पाटलाचीच खूण दिसायला लागते. जीपचा ड्रायव्हर पूर्वी बाहेर गाडीत झोपायचा, त्याला त्यांनी आत बसवलं. गावात सगळ्यात जास्त वेळ तोच असतो, म्हणून. कुणाचं बोलणं संपलं की चाचा ते आपल्या शब्दांत परत सांगायचे, "म्हणजे तुझं म्हणणं असं… बरोबर?" आणि समोरचा "हाव" म्हणेपर्यंत पुढं जायचे नाहीत. मान हलवलेली चालायची नाही. तोंडानं हाव.

त्यांच्यात दोष नव्हते असं नाही. मोजणीच्या गोष्टी सुरू झाल्या की ते स्वतःच स्वतःला आवरू शकत नसत, आणि पाण्याचा टँकर कुठं उभा करायचा यावर एकदा त्यांनी अख्खी सकाळ घालवली होती. त्या दिवशी मीसुद्धा वैतागले होते. पण टँकर नंतर जागेवरून हलवावा लागला नाही, हेही खरं.

आता माझ्या चुकीबद्दल सांगते.

औसा तालुक्यातलं एक गाव आमच्याकडं होतं. किती कुटुंबांना घर द्यायचं याची यादी करायची होती, म्हणून गावाचे तीन भाग करून आम्ही तीन कार्यकर्त्यांनी वाटून घेतले. दिवाळी होऊन गेली होती. माझ्या भागात मी शेडच्या दारात जाऊन विचारायचे, "चूल वेगळी का एकत्र?" जेवढ्या चुली तेवढी कुटुंबं. हे मला फार सरळ वाटलं. आमच्या मुदखेडला कुणी वेगळं निघालं की चूलच आधी वेगळी होते.

एका शेडमध्ये दोन जावा होत्या. मोठीचा नवरा, म्हणजे धाकटीचा दीर, शेजारीच बसला होता. डोक्यावरचे केस नुकते उगवायला लागलेले. त्यांची सासू भूकंपात गेली होती. धाकटी आधीपासूनच विधवा, एक मुलगी पदरात. मी विचारलं तेव्हा धाकटीनं जावेकडं बघितलं, मग दिराकडं, आणि म्हणाली, "आमचं समदं एकच हाय." मी लिहिलं, एक कुटुंब. वर मनात म्हटलं, किती एकोप्याची माणसं.

यादी झाली, गावात वाचून दाखवली, लोकांनी अंगठे दिले. बुधवारी ती सरकारी कचेरीत जायची होती आणि त्यानंतर तिच्यात बदल होणार नव्हता. सोमवारी दुपारी ती धाकटी जाऊ मुलीला घेऊन आमच्या लातूरच्या ऑफिसात आली. एसटीनं आली होती, पायात चप्पल नव्हती. माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"ताई, यादीत माझं घर न्हाई."

"तुमचं नाव दिरांच्या घरात आहे ना."

"नाव हाय. घर न्हाई." तिनं मुलीला जवळ ओढलं. "माझं घर वेगळं होतं, ताई. दोन खणाचं. माझं मी करून खात होते."

"मग त्या दिवशी मला तसं का नाही सांगितलंत?"

ती माझ्याकडं अशी बघत राहिली, की एवढंसुद्धा या शिकलेल्या पोरीला कळत नाही का. मग मुलीचा हात धरून निघून गेली. तिला शेवटची एसटी गाठायची होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या एका ओळीमुळं ही बाई आणि तिची मुलगी जन्मभर दिराच्या घराच्या कोपऱ्यात राहणार आहेत. आणि हेही लक्षात आलं की हे उद्या मी बोलले तर नोकरी जाईल. मला लागलेली पहिलीच नोकरी. घरी वडिलांनी सगळ्या गँगला पेढे वाटले होते.

मंगळवारी बैठकीत इंजिनियर साहेब आधीच तापलेले होते. ते पुण्याचे, घरं बांधायची जबाबदारी त्यांच्यावर. बाई येऊन गेल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी खडू घेऊन फळ्यावर स्वतःच लिहिलं: "यादीत चूक कुणाची?" आणि म्हणाले, "गावानं अंगठे दिलेत. आता एका बाईसाठी सगळं गाव उन्हाळाभर पत्र्यात भाजायचं का?"

चाचा उठले. त्यांनी ती ओळ पुसली, पण साहेबांकडं पाठ न करता, आडवं उभं राहून. "साहेब, हा सवाल पण घेऊ. आधी एक छोटा सवाल घेऊ का?" आणि लिहिलं: "आपण घर कशाला म्हटलं?"

मग खाली बसून माझ्याकडं बघितलं. मी सगळ्यात नवी. पाळी माझी.

मी उभी राहिले. म्हटलं, "मी चुली मोजल्या."

"चुली!" इंजिनियर साहेब म्हणाले. "नशीब कपबश्या नाही मोजल्या. गावभर हॉटेलं बांधावी लागली असती."

सगळे हसले. माझ्या बरोबरचे दोघं कार्यकर्तेही हसले. मी खाली बसायला लागले. चाचांनी हसू संपायची वाट बघितली आणि मग शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमची पाळी शेवटची हाय. तवा हाच विनोद परत करा, आम्ही परत हसू. बेटा, तू बोल. कवा मोजल्या?"

"दिवाळी झाल्यावर."

"तू काय विचारलंस? तेच शब्द सांग."

मी शब्दन् शब्द सांगितलं. तिचं उत्तरही सांगितलं. सांगता सांगता मला ते शेड परत दिसायला लागलं, आणि जे दिसलं पण लिहिलं नव्हतं तेही तोंडातून निघालं. शेडमध्ये ढिगाऱ्यातून काढलेला, पोचे आलेला एक तवा आणि एक पातेलं, एवढंच होतं. चूल एक होती, कारण तवा एक होता.

"अन त्या वेळी तिच्या शेजारी कोण बसलं होतं?"

"दीर. सासू गेली होती त्यांची."

दाराजवळून ड्रायव्हर म्हणाला, "मयतीच्या घरात वाटणीचं कोण बोलंल, ताई? तोंड झडंल न्हाई का."

कुणी हसलं नाही. मी वाट बघत होते की आता चाचा म्हणतील, चूक हिची. पण ते म्हणाले, "म्हणजे तुझं म्हणणं असं, की चूल मोजली ती भूकंपानंतरची, अन घर द्यायचं ते भूकंपाआधीचं. बरोबर?"

"हाव," मी म्हटलं. तोंडानं.

मग ते पुढच्या कार्यकर्त्याकडं वळले. तो उदगीरचा, नेहमी जोरात बोलायचा. त्या दिवशी हळू बोलला. "मी रेशन कार्डावरून धरलं, चाचा." तिसरा, आमच्यातला सगळ्यात जुना, बराच वेळ पेनाचं टोपण काढघाल करत राहिला. मग म्हणाला, "मी तलाठ्याकडून सातबारे घेतले. ज्याच्या नावावर रान, ते घर."

आम्ही तिघं एकाच जीपमधून जायचो, एकाच हॉटेलात भजी खायचो, आणि कोण कसं मोजतंय हे एकमेकांना कधी विचारलं नव्हतं. माझी ओळ चुकली होती. पण ती एकच ओळ चुकली नव्हती.

"म्हणजे एका गावात तीन मापं?" इंजिनियर साहेब म्हणाले.

"तीन साखळ्या," चाचा म्हणाले. "अन तिन्हींची लांबी वेगळी. आता तुमची पाळी, साहेब. विनोद राहिला होता."

साहेबांनी विनोद केला नाही. ते म्हणाले, "परत मोजायला तुम्ही महिना घेणार. चैत्र लागला की गावातल्या विहिरी आटतात. पाया आणि भिंती त्याआधी झाल्या नाहीत तर त्यांच्यावर मारायला पाणी कुठून आणू? पाणी न मिळालेली भिंत कच्ची राहते. मला या गावात परत पडणारी घरं बांधायची नाहीत."

आम्हाला वाटायचं, साहेबांना पुण्याला परत जायची घाई आहे. इतके महिने आम्ही तेच समजत होतो, आणि जीपमध्ये त्यांची नक्कलही करायचो. त्यांना भीती पाण्याची होती, हे त्या दिवशी कळलं.

चाचांनी तेही परत सांगितलं. "म्हणजे तुमचं भांडण परत मोजण्याशी न्हाई, महिन्याशी हाय. बरोबर? चार दिवस मिळतील का?"

साहेबांनी खिशातली डायरी काढली. "चार दिवस मिळतील. ज्या घरांचा वाद नाही त्या बाजूनं पायाचे चर खणायला सुरू करतो. कचेरीत मी सांगतो, यादी सोमवारी येईल म्हणून."

"मग आपल्याला असा एक सवाल पाहिजे," चाचा म्हणाले, "जो तिन्ही भागांत सारखा चालंल, चार दिवसांत विचारून होईल, अन दिराच्या समोर बसून त्या बाईला त्याचं खरं उत्तर देता येईल."

कुणालाच सुचेना. मला ती शांतता सहन होत नव्हती. कुणीतरी काहीतरी बोलावं असं वाटत होतं. चाचा निवांत बसले होते. त्यांनी खडू टेबलावर ठेवला, परत उचलला, कपातला उरलेला थंडगार चहा पिऊन टाकला. कुणाला टोकलं नाही, स्वतः काही सुचवलं नाही.

"दळण इचारा," ड्रायव्हर म्हणाला.

"म्हणजे?"

"गाडी शिकायच्या आधी मी सात वर्षं गिरणीवर होतो, चाचा. कुणाच्या घरात वाटणी झाली हे तलाठ्याच्या आधी गिरणीवाल्याला कळतं. एका घरातून दोन डबे यायला लागले की समजायचं. भूकंपाच्या आधी तुमचं दळण कोण न्यायचं, एवढंच इचारा. ह्यात वाटणी कुठं आली? कुणाला राग बी येणार न्हाई."

"सरकारी कागदावर दळण कसं लिहायचं?" साहेबांनी विचारलं, पण आवाजात आता टोमणा नव्हता.

"कागदावर कुटुंबच लिहू," चाचा म्हणाले. "विचारताना दळण विचारू. अन गिरणीवाला गावातच हाय, त्याच्याकडून पडताळून घेऊ."

मग त्यांनी नेहमीप्रमाणं कोण, काय, कवा हे वहीत लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. प्रत्येकानं आपल्या नावापुढं हाव म्हटलं. इंजिनियर साहेब एरवी नुसतं ओके म्हणायचे. त्या दिवशी त्यांनीही "हाव" म्हटलं आणि स्वतःच हसले. साहेबांनी आधी लिहिलेला प्रश्न राहिलाच होता. चाचांनी विचारलं, "चूक कुणाची, तो सवाल घ्यायचा का आता?" साहेब म्हणाले, "राहू द्या."

निघताना मी चाचांना विचारलं, "तुम्हाला उत्तर आधीच माहीत होतं का?"

"अर्धं. परत मोजावं लागणार एवढं कळत होतं. दळणाचं तर माझ्या बापजन्मात सुचलं नसतं."

"मग पहिलं अर्धं तुम्हीच सरळ का नाही सांगितलं?"

"मी सांगितलं असतं तर साहेब माझ्याशी भांडले असते. आता कुणाशी भांडतील?" ते चपला घालत होते. "अन त्या बाईकडं तूच जा. चूक तुझी म्हणून न्हाई. तिनं तुला सांगायचा प्रयत्न केला होता, म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी त्या शेडमध्ये गेले. दोघी जावा होत्या, दीर दारात दोरी वळत बसला होता. सगळं त्या दिवसासारखंच. मी बसले, पाणी प्याले आणि विचारलं, "भूकंपाच्या आधी तुमचं दळण कोण न्यायचं?"

धाकटी उत्तर द्यायच्या आधीच मोठी भाकरी थापता थापता म्हणाली, "माझं मी. तिचं ती. माझ्या डब्यातलं पीठ तिला कवा चाललं?"

"कसं चालंल?" धाकटी म्हणाली. "खड्यासकट दळायची. दात पडायचे माझे."

"दात! सासू तर तेच पीठ खाऊन म्हातारी झाली."

"सासूला दात कुठं होते, बाई?"

दोघी हसायला लागल्या आणि हसता हसता मोठीनं पिठाच्या हातानंच डोळे पुसले. दीर दोरी वळायची थांबवून म्हणाला, "आता दळणावरून नगा भांडू. लिहून घेऊ द्या त्यांना. लिहा ताई, तिचं वेगळं. पयल्यापासूनच वेगळं हाय." त्यानं काही लपवलं नव्हतं. मीच त्याला सांगता येणार नाही अशा रीतीनं विचारलं होतं.

गिरणीवाल्यानंही तेच सांगितलं. तिन्ही भागांत मिळून तिच्यासारखी आणखी काही घरं निघाली. एका ठिकाणी उलटही झालं, दोन रेशन कार्डं आणि दळण एक. सोमवारी यादी गेली. घरं उभी राहिली. भिंतींना पाणी मिळालं.

मी नंतर नांदेडला आले, लग्न झालं, क्लासची नोकरी धरली. पालक ओरडत असतात, शिक्षक अडून बसतात, एखाद्या खेड्यातून आलेल्या मुलाला कोणत्या तुकडीत ठेवायचं यावरून जुंपते. अशा वेळी मी फळ्यावरचा प्रश्न पुसून दुसरा लिहिते आणि सगळ्यात नव्या शिक्षकाकडं बघते. सुचेपर्यंत गप्प बसायला मला अजूनही जड जातं. चाचांना ते कसं जमायचं, हे इतक्या वर्षांत मला उमगलेलं नाही. पदवी मी नांदेडच्या कॉलेजात घेतली, पण चार माणसांत बसायचं कसं ते त्या मंगळवारी लातूरच्या भाड्याच्या खोलीत कळलं, आणि ते ऋण मी वागवते.

घरांच्या किल्ल्या दिल्या त्या दिवशी चाचा आणि मी त्या गावात होतो. दोघी जावांची घरं शेजारी-शेजारीच आली होती. धाकटीनं आम्हाला आत बोलावलं. रंगाचा वास अजून गेला नव्हता. कोपऱ्यात नवी चूल होती, नवा तवा होता, आणि तिची मुलगी उंबऱ्यावर पाय सोडून बसली होती. धाकटीनं गरम भाकरी आणि ठेचा पुढं ठेवला.

पहिल्याच घासाला माझ्या दाताखाली खडा आला.

"जावेचं पीठ हाय," ती म्हणाली. "माझं दळण उद्या जाईल." मग माझ्याकडं बोट करून चाचांना म्हणाली, "अन हिला सांगा चाचा, आता चुली किती म्हणून इचारू नको."

मी काही विचारलं नाही. दुसरी भाकरी मागून घेतली.